कपाच्या सोनेरी किनारीपासून पेट्रोलच्या काट्यापर्यंत : सिरॅमिकवर छापलेल्या वाहक शाईचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव कागदावर वाचलं की जरा दडपण येतं. सिरॅमिकवर विद्युतमंडल छापण्यासाठी लागणाऱ्या वाहक शाया. पण वस्तू ओळखीची आहे. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला सोनेरी किनारीचा कप मायक्रोवेव्हमध्ये गेला, तर आत तडतड ठिणग्या उडतात. का? कारण ती किनार सोनेरी रंगाची नसते, खऱ्या सोन्याची असते. अतिशय पातळ थर, पण धातूचाच. युरोपात एकोणिसाव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांवर द्रवरूप सोनं कुंचल्याने लावून ते भट्टीत भाजायची पद्धत रूढ झाली. म्हणजे सिरॅमिकवर धातूची रेघ ओढायची आणि ती आगीने पक्की करायची, ही विद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीची आहे. त्या रेघेतून वीज वाहू शकते, हे त्या कारागिरांच्या कामाचं नव्हतं, एवढंच.

आज आम्ही मुख्यतः एकच गोष्ट मांडणार आहोत. इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास आपण बहुधा सिलिकॉनचा इतिहास म्हणून सांगतो. ट्रान्झिस्टर, चिप, संगणक. त्या गोष्टीत छापणारे आणि भाजणारे लोक दिसतच नाहीत. प्रत्यक्षात सिरॅमिकवरचं मंडल दोन जुन्या धंद्यांनी उभं केलं : छपाई आणि भट्टी. इलेक्ट्रॉनिक्स त्यांच्या घरी पाहुणी म्हणून आली आणि तिथेच राहिली.

आणि हे तळवड्यात बसून सांगायला कारण आहे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला निगडी, इंद्रायणी ओलांडली की चाकणचा रस्ता. एमआयडीसीचा सॉफ्टवेअर पार्क इथे आहे, आणि त्याच्या आजूबाजूला ज्योतिबानगर, रुपीनगरच्या बाजूला लहान-लहान वर्कशॉप आहेत. एकीकडे कोड लिहिणारे, दुसरीकडे धातू कापणारे-वाकवणारे. आपण ज्या पदार्थाबद्दल बोलतोय तो या दोघांच्या बरोबर मधे येतो. म्हणूनच कदाचित तो दोघांच्याही नजरेतून निसटतो.

शाईत असतं काय?

आधी पदार्थ समजून घेऊ, मग इतिहास सोपा जाईल. या शाईला धंद्यात ‘पेस्ट’ म्हणतात, आणि तिने छापलेल्या थराला ‘थिक फिल्म’. तिच्यात तीन गोष्टी असतात.

पहिली, धातूची पूड. बहुतेक वेळा चांदी, किंवा चांदी आणि पॅलेडियम, काही ठिकाणी सोनं, काही ठिकाणी प्लॅटिनम. कण साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचे. दुसरी, काचेची बारीक पूड. तिसरी, या दोन्ही पुडी धरून ठेवणारं चिकट द्रव्य. इथिल सेल्युलोज नावाचा पदार्थ टर्पिनिऑलमध्ये विरघळवून ते करतात. टर्पिनिऑल म्हणजे पाइनच्या तेलाच्या कुळातला, मंद सुवासाचा द्रव.

ही पेस्ट छापायची कशी? तर लग्नपत्रिका आणि टी-शर्ट जशा स्क्रीनवर छापतात, तशीच. चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावर जिथे शाई नको तिथे बुजवलेली भोकं, आणि वरून ओढायची रबराची स्क्वीजी. फरक एवढाच, की इथे जाळी स्टीलच्या तारेची असते आणि एका इंचात २०० ते ३२५ तारा असतात. पेस्टचा स्वभाव मात्र खास लागतो. चक्का पुरणयंत्रातून फिरवताना बघा, दाब आला की तो सैल होऊन जाळीतून उतरतो आणि भांड्यात पडला की पुन्हा घट्ट बसतो. पेस्टचंही तेच. स्क्वीजीखाली ती वाहिली पाहिजे आणि सिरॅमिकवर पडल्यावर जागच्या जागी थांबली पाहिजे. वाहत राहिली तर शेजारच्या दोन रेघा एकमेकींना भिडणार, आणि मंडल तिथेच संपलं.

छापून झालं की पाच-दहा मिनिटं तशीच ठेवतात, म्हणजे जाळीचे ठसे मिटतात. मग १५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुकवतात. आणि मग भट्टी. सरकत्या पट्ट्याच्या भट्टीतून तुकडा अर्धा ते एक तास प्रवास करतो, आणि त्यातली सुमारे दहा मिनिटं ८५० अंशांवर असतो. आधी चिकट द्रव्य जळून जातं. मग काच मऊ होते, सिरॅमिकच्या पृष्ठभागाला ओलावते, त्याच्या बारीक खाचांत शिरते. चांदीचे कण मात्र वितळत नाहीत. चांदीचा वितळबिंदू ९६२ अंशांच्या जवळ आहे, आपण त्याच्या खालीच थांबतो. कण एकमेकांना कडेकडेने जुळतात. पिंपरी-भोसरीत ज्यांनी पुडीपासून बुश आणि गिअर होताना पाहिलेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. हेच सिंटरिंग. शेवटी उरतो १० ते १५ मायक्रॉन जाडीचा धातूचा थर, आपल्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा.

आता यात एक गंमत लक्षात घ्या. वीज वाहते चांदीतून, पण चांदी सिरॅमिकला धरून राहते ती मुख्यतः काचेमुळे. काच जास्त झाली तर रेघेचा रोध वाढतो आणि सोल्डर धरत नाही. कमी झाली तर रेघ नखाने सोलून निघते. म्हणजे शाईचं अर्धं गुपित काचेत आहे.

काच या परिसराला परकी नाही. इथून जवळच, तळेगाव दाभाड्याला, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम शिकवायला आले. त्या कारखान्यात विद्युतमंडलं झाली असं आम्ही म्हणत नाही. तिथे चिमण्या आणि बाटल्यांचा काळ होता. पण कुठला कच्चा माल किती मिसळला की काच किती अंशाला मऊ पडते, हा प्रश्न तोच आहे. मावळात तो शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता, एवढं ध्यानात ठेवू.

तोफेच्या गोळ्यातलं मंडल

आता जरा दूर जाऊ, कारण शाई पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती अमेरिकेत. तारांऐवजी शाईने मंडल काढावं, ही कल्पना १९२५ साली चार्ल्स ड्युकास यांच्या पेटंटच्या अर्जात दिसते. पण त्या वेळच्या रेडिओला तारा आणि सोल्डर पुरेसे होते. गरज नव्हती, म्हणून कल्पना पडून राहिली.

गरज निर्माण केली दुसऱ्या महायुद्धाने. तोफेचा गोळा लक्ष्याला आदळायच्या आधी, जवळ आल्याबरोबर फुटावा, म्हणून त्याच्या टोकात एक छोटं रेडिओ यंत्र बसवायचं ठरलं. त्याला प्रॉक्सिमिटी फ्यूज म्हणतात. तोफ सुटताना आतल्या भागांवर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट धक्का बसतो. साध्या तारांची जोडणी अशा धक्क्यात तुटण्याची भीती. शिवाय उखळी तोफेच्या गोळ्याचं टोक इतकं लहान, की नेहमीचे भाग मावतच नाहीत.

वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने हे काम हाती घेतलं आणि मिलवॉकीच्या ग्लोब-युनियन कंपनीच्या सेंट्रालॅब विभागाने ते कारखान्यात उतरवलं. सेंट्रालॅबचं आधीचं काम काय होतं? सिरॅमिकचे कपॅसिटर आणि रेडिओतले आवाजाचे कंट्रोल. म्हणजे भट्टी त्यांच्या घरातली होती. त्यांनी स्टिॲटाइटच्या लहान पातळ तबकड्या घेतल्या. स्टिॲटाइट म्हणजे मुख्यतः शंखजिऱ्यापासून भाजून केलेलं सिरॅमिक. त्यावर चांदीच्या शाईने वाहक रेघा छापल्या, कार्बनच्या शाईने रोधक छापले. तार नाही, म्हणजे तुटणार काय? रेघ दगडाला चिकटलेली. गोळा फिरो, आदळो, ती हलत नाही.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, ब्युरोच्या क्लेडो ब्रुनेटी आणि रॉजर कर्टिस यांनी या सगळ्या पद्धती एका पुस्तिकेत मांडल्या. रंगवणं, फवारणं, रासायनिक लेप, निर्वातातला लेप, ठशाने कापणं आणि पूड पसरणं, असे सहा वर्ग त्यांनी केले. युद्धकाळचं गुपित अशा रीतीने सर्वांसमोर आलं. पण आमच्या मते त्यातली खरी शिकवण वेगळी आहे. ज्या कंपनीकडे सिरॅमिक आणि भट्टी आधीपासून होती, तिने मंडल शिकून घेतलं. उलटा प्रवास झाला नाही.

सिरॅमिक मागे पडलं, आणि परतलं

युद्धानंतर सगळी मंडलं सिरॅमिकवर गेली असतील असं वाटेल. तसं झालं नाही. पॉल आइस्लर यांनी इंग्लंडमध्ये दुसरी वाट काढली होती. तांब्याचा पत्रा चिकटवलेला फळा घ्यायचा आणि नको ते तांबं ॲसिडने खाऊन टाकायचं. भट्टी नको, चांदी नको. रेडिओ आणि टीव्ही त्या वाटेने गेले. आज मोबाइल उघडला तर हिरवा बोर्ड दिसतो, तो याच घराण्यातला.

मग सिरॅमिकला काम उरलं कुठे? जिथे उष्णता आहे तिथे. हिरव्या बोर्डातून उष्णता फार हळू निघते. त्याच्या तुलनेत ९६ टक्के ॲल्युमिनाचं सिरॅमिक सुमारे ऐंशीपट चांगलं उष्णतावाहक आहे, आणि तरीही वीज मात्र अडवतं. दुसरं, ते तापल्यावर फार थोडं फुगतं, त्यामुळे त्यावर बसवलेल्या सिलिकॉनच्या चिपला ताण कमी येतो.

हे ओळखलं आयबीएमने. ७ एप्रिल १९६४ रोजी त्यांनी सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या पोटात काय होतं? साधारण अर्ध्या इंचाचे चौकोनी सिरॅमिकचे तुकडे. त्यांवर स्क्रीनने छापलेल्या मौल्यवान धातूंच्या रेघा आणि छापलेले रोधक, वर बसवलेले चिमुकले ट्रान्झिस्टर. छापलेला रोधक नेमक्या मापाचा कधीच येत नाही. म्हणून तो मुद्दाम कमी रोधाचा छापायचे, आणि नंतर बारीक पुडीचा फवारा मारून खरवडत नेमक्या आकड्यावर आणायचे. पुढे हेच काम लेसरने होऊ लागलं. म्हणजे त्या काळच्या सर्वांत आधुनिक संगणकाचा पाया लग्नपत्रिकेच्या छपाईने घातला होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

त्यानंतर थरांवर थर चढले. कच्च्या सिरॅमिकची पापडासारखी पातळ फीत करायची, तिच्यावर छापायचं, भोकं पाडून त्यांत शाई भरायची, आणि चिरोट्याचे पापुद्रे रचावेत तसे थर रचून, दाबून एकत्र भाजायचे. १९८० साली आयबीएमने मोठ्या संगणकासाठी ३३ थरांचं असं सिरॅमिक वापरलं. ॲल्युमिना पक्कं व्हायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि तिथे चांदी वितळून जाते, म्हणून त्यात मॉलिब्डेनम छापावं लागलं. मॉलिब्डेनमची वाहकता चांदीपेक्षा बरीच कमी. मग शोध सुरू झाला तो कमी उष्णतेत, ९०० अंशांच्या आत भाजल्या जाणाऱ्या फितीचा, म्हणजे चांदी पुन्हा वापरता येईल. उपाय काय सापडला? सिरॅमिकमध्ये काच मिसळणं. पुन्हा काच. या फितीला आज एलटीसीसी म्हणतात. भाजताना ती मोकळी असेल तर लांबी-रुंदीला साधारण १२ ते १५ टक्के आकसते, म्हणून मंडल मुळातच तेवढं मोठं छापावं लागतं. कुंभार मडकं वळताना जो हिशेब मनात धरतो, तो इथे दशांशात मांडला.

चांदीचा स्वभाव

एवढी चांदी वापरतात तर ती निर्धोक असेल असं वाटेल. पण चांदीला तीन खोडी आहेत, आणि या शाईच्या इतिहासाची अर्धी पानं त्या खोडी आवरण्यात गेली आहेत.

पहिली, चांदी चालते. दोन रेघांमधे विजेचा दाब आणि थोडी ओल असली, की चांदी एका रेघेतून सुटून दुसरीकडे झाडाच्या फांदीसारखी वाढत जाते. एक दिवस टेकते आणि शॉर्ट होतं. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या संशोधकांनी १९५५ मध्ये टेलिफोनच्या साहित्याच्या संदर्भात याचा सविस्तर अभ्यास मांडला. दुसरी, वितळलेल्या सोल्डरमधे चांदी विरघळते. कामगाराने सोल्डरिंगची इस्त्री थोडी जास्त वेळ टेकवली तर रेघ गायब. या दोन्हींवर उपाय म्हणून पॅलेडियम मिसळतात. त्याने चांदीची चाल मंदावते, पण रोध वाढतो आणि खर्च तर वाढतोच.

तिसरी खोड प्रत्येक घराला माहीत आहे. चांदीचं निरांजन काळं पडतं. हवेतला गंधक चांदीला लागतो. ही गोष्ट गाडीत फार मोलाची ठरते, आणि इथून आपण पुन्हा आपल्या पट्ट्यात येऊ.

पेट्रोलचा काटा आणि धुराड्यातला सेन्सर

पिंपरी-चिंचवडचा कारखानदारी पट्टा उभा राहिला तो लोखंडावर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्या दशकात टेल्को आणि बजाज इथे आले, आणि त्यांच्यासोबत टर्निंग, मिलिंग, प्रेस, हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांची साखळी. तेव्हाच्या गाडीत वीज म्हणजे मॅग्नेटो, प्लग, हॉर्न आणि दिवा. एका मेकॅनिकच्या डोक्यात सगळं मावायचं.

मग मंडल हळूहळू गाडीत शिरलं. पेट्रोलच्या टाकीत डोकावू. तिथे तरंगता फ्लोट असतो, त्याच्या दांडीच्या टोकाला धातूची बारीक बोटं, आणि अनेक गाड्यांत ती बोटं ज्यावरून सरकतात ती एक सिरॅमिकची चकती. तिच्यावर वाहक शाईच्या शेजारीशेजारी रेघा आणि एक छापलेला रोधक. पेट्रोल कमी झालं, बोटं सरकली, रोध बदलला, काटा खाली आला. इंधनात क्रियाशील गंधक असला तर त्या चांदीच्या रेघा काळ्या पडतात, आणि टाकी भरलेली असूनही काटा भलतंच दाखवतो. निरांजनाचीच गोष्ट, फक्त पेट्रोलखाली. म्हणून तिथे सोनं किंवा पॅलेडियम जास्त असलेली शाई घ्यावी लागते.

दुसरी वस्तू धुराड्यातली. १९७६ साली बॉशचा लॅम्डा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला. झिर्कोनियाचं सिरॅमिक तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर. ऑक्सिजनच्या फरकावरून व्होल्टेज मिळतं. पेट्रोल जास्त झालं तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१. तेवढ्यावरून इंजिनाचा मेंदू इंधन मोजून देतो. सुरुवातीला हा सेन्सर अंगुस्तानासारखा होता. पुढे चपटा आला : झिर्कोनियाच्या फिती, त्यांवर प्लॅटिनमच्या शाईने छापलेले इलेक्ट्रोड आणि आतच छापलेला हीटर, सगळं एकत्र भाजलेलं. पुन्हा तेच पापुद्रे.

हे सगळं आपल्या दारात आणलं ते कायद्याने. एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह काही मोठ्या शहरांत चारचाकींसाठी बीएस-४ लागू झालं, एप्रिल २०१७ मध्ये ते देशभर झालं, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्या दिवसापासून दुचाकीच्या दुनियेत कार्ब्युरेटरचा काळ जवळपास संपला. फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्यासोबत ऑक्सिजन सेन्सर. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या साध्या मोटारसायकलच्या धुराड्यातही आता मौल्यवान धातूची शाई लावून भाजलेलं सिरॅमिक आहे. ज्या पट्ट्याची ओळख लोखंडाची, तिथून रोज हजारो अशा छापील वस्तू गाड्यांत बसून बाहेर जातात.

पाषाण आणि चाकण यांच्यातलं अंतर

आता खरा प्रश्न. ही शाई करायची विद्या आपल्याकडे आहे का?

आहे. आणि दूर नाही, पाषाणला आहे. १९५० साली तिथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९९० साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांसाठीची संस्था स्थापन केली. तिच्या तीन प्रयोगशाळा : पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर. पुण्याच्या प्रयोगशाळेने चांदीच्या पेस्ट, प्रकाशाच्या मदतीने अधिक बारीक रेघा काढता येतील अशा पेस्ट आणि एलटीसीसीच्या फिती यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पुणे विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही थिक फिल्मवर संशोधन झालं. मराठी मुलामुलींनी यावर पीएचडी केल्या आहेत.

तरीही जगभर ही शाई थोड्याच मोठ्या कंपन्यांच्या हाती राहिली. असं का, हे समजायला एक साधा हिशेब करू. एक चौरस सेंटिमीटर जागेवर १२ मायक्रॉन जाडीचा चांदीचा थर धरा. चांदीची घनता १०.५. म्हणजे साधारण १२-१३ मिलिग्रॅम चांदी. एक किलो पेस्टमध्ये पाऊण किलो चांदी धरली, आणि छापताना वाया जाणारी बाजूला ठेवली, तर एका किलोत असे सुमारे साठ हजार तुकडे होतात. साठ हजार गाड्यांचे पेट्रोलचे काटे एका डब्यात!

या आकड्याचे दोन अर्थ निघतात. एक, शाई फार थोडी लागते, म्हणून ती इथे करून पैसे वाचतील हा मुद्दा कारखान्याला पटत नाही. दोन, तो एक डबा बिघडला तर साठ हजार गाड्या परत बोलवाव्या लागतील. शाई बदलायची म्हटलं की भट्टीचं तापमान, पट्ट्याचा वेग, जाळी, रोधक सगळं पुन्हा जुळवायचं, आणि वर सगळ्या चाचण्या करून ग्राहकाकडून पीपीएपी मंजूर करून घ्यायची. चाकणमध्ये ज्याने एकदा ती फाइल तयार केली आहे, तो पुन्हा स्वखुशीने करायला जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी जी शाई घेतली, तीच चालू राहते. पाषाणच्या प्रयोगशाळेत शाई चांगली झाली, शोधनिबंध छापून आला, हे पुरत नाही. तीच शाई शंभराव्या डब्यातही पहिल्यासारखीच आली पाहिजे. कारखाना विकत घेतो तो नेमका हाच भरवसा. धातूचे पैसे वेगळे.

म्हणून आम्हाला वाटतं की हा पेच केवळ रसायनशास्त्राने सुटणार नाही. भट्टीची नोंद ठेवणारा, कणांचा आकार रोज मोजणारा, जाळीचा ताण तपासणारा माणूस यात शास्त्रज्ञाइतकाच मोलाचा आहे. आणि अशी माणसं या पट्ट्यात आहेत. हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधे भट्टी दहा अंशांनी चढली तर माल कसा बिघडतो, हे ओळखणारे ऑपरेटर आहेत. सिंटरिंगमधे पुडीची ओल हाताला कळणारे आहेत. त्यांना आपण इलेक्ट्रॉनिक्सची माणसं म्हणत नाही, त्यांच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलं नाही, एवढंच.

बदलाला एक दार कायद्यानेही उघडलं आहे. जुन्या शायांतली काच शिशाच्या ऑक्साइडची असायची. शिसं असलं की काच कमी उष्णतेत मऊ होते, कारागिराला सोपं जातं. पण शिसं विषारी. युरोपने जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशावर बंधनं घातली, आणि आपल्या ई-कचरा नियमांनी २०१४ पासून. काही काचांना आणि सिरॅमिकना त्यातून सूट मिळाली आहे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे. बिस्मथसारख्या पदार्थांच्या नव्या काचा घेऊन बिनशिशाच्या शाया येत आहेत. जेव्हा काच बदलते तेव्हा सगळ्यांनाच भट्टी पुन्हा जुळवावी लागते, सगळ्यांनाच पीपीएपी पुन्हा करावी लागते. जुन्या पुरवठादाराचा फायदा त्या वेळी कमी होतो. नव्याला आत शिरायची वेळ तीच.

मागे वळून बघा. मिलवॉकीच्या कारखान्याने युद्धाच्या गरजेने शाई हाती घेतली, आयबीएमने उष्णतेच्या गरजेने, गाड्यांनी धुराच्या कायद्याने. प्रत्येक वेळी बाहेरून सक्ती आली, आणि ज्यांच्याकडे छपाई आणि भट्टी एका छताखाली होती त्यांनी ती संधी घेतली. या पट्ट्यात छपाई आहे, भट्टी आहे, ग्राहक आहे, आणि तासाभराच्या अंतरावर प्रयोगशाळा आहे. चौघं एका टेबलाशी मात्र क्वचितच बसतात. त्यांच्यातलं अंतर किलोमीटरचं नाही. प्रयोगशाळेने शंभराव्या डब्याची काळजी आपली मानली आणि कारखान्याने भट्टीचं ज्ञान लिहून ठेवायला सुरुवात केली, तर ते बरंच कमी होईल.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी शॉपवर भट्टी चालवली आहे त्यांनी आधी विचारावं, कारण त्यांचे प्रश्न आम्हाला पुस्तकात सापडत नाहीत.